कोरडी मेंदी

बूगाफरच्या डोंगरात गडीमाणसं फ्रान्सच्या तोफांना भीत नसत, पण तुडाच्या हातातल्या मेंदीला भीत. रीतच तशी होती. लढाईत बायका मेंदीचा वाडगा घेऊन पुरुषांच्या मागे उभ्या राहत आणि कुणी मागं फिरला की त्याच्या पांढऱ्या झग्यावर ओला पंजा उमटवत. माणूस मेला तरी डाग घराला चिकटून राही. त्या घरात मग कुणी मुलगी देत नसे.

तुडाचा नेम कधी चुकला नाही, हाताचा नाही आणि जिभेचाही नाही. फौजेनं डोंगराला वेढा घातला तेव्हा तिचा दीर ज़ाइद कड्यावरून खाली आला. बिचारा नुसता पाणी मागत होता. "पाणी कसलं मागतोस, बांगड्या माग!" म्हणत तिनं त्याच्या पाठीवर पंजा मारला. तो तसाच वर गेला. संध्याकाळी तिच्या नवऱ्यानं, हद्दूनं, त्याचं प्रेत पाठीवरून आणलं. डागाबद्दल हद्दू एका शब्दानंही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटत राहिलं.

पुढे झऱ्यावर मशीनगन रोखल्या गेल्या. पाण्याला गेलेल्या बायका परतेनात. पोरांना रडायचंही त्राण उरलं नाही. शेवटी म्होरक्यांनी तह ठरवला. खाली उतरून फौजेला शरण जायचं, आणि पहिला मान, मान कसला, हद्दूच्या टोळीचा.

सकाळी हद्दू टोळी घेऊन कड्यावरून आला. वाटेवर बायका नेहमीसारख्या उभ्याच होत्या. तुडाच्या वाडग्यात मेंदीची पूड होती. तिच्या वाट्याचं चार घोट पाणी तिनं ती भिजवायला राखून ठेवलं होतं. हद्दू तिच्यापुढे आला आणि पाठ करून थांबला.

"मार पंजा."

"तोंड इकडे कर आधी."

"नको. ज़ाइदला मारलास आणि मला सोडलंस, तर मेल्यावर त्याला काय तोंड दाखवू?"

तुडानं वाडग्याकडे पाहिलं. मारला, तर हा माणूस जन्मात मान वर करणार नाही. नाही मारला, तर दिरावरचा डाग कशासाठी होता?

"बघतेस काय गं?" शेजारून रकिया म्हातारी ओरडली. "स्वतःचा नवरा दिसल्यावर मेंदी महाग झाली होय?"

तुडानं हद्दूला खांद्याला धरून वळवलं. त्याचे ओठ फुटून काळे पडले होते. या माणसावर आपला किती जीव आहे हे तिला त्या ओठांकडे बघून कळलं. तिनं पाण्याची कातडी पिशवी त्याच्या तोंडाला लावली.

"पी."

"आणि मेंदी?"

"पी म्हणते ना! ज़ाइदनं पाणीच मागितलं होतं रे. मी दिलं नाही."

तो प्यायला. निम्म्यावर थांबून त्यानं पिशवी तिच्याकडे सरकवली. तिनं ती परत त्याच्याच तोंडाला लावली आणि रिकामी होईपर्यंत धरून ठेवली. तिचे डोळे वाहत होते, ते तिनं पुसले नाहीत.

"आजी, पाणी संपलं," ती म्हातारीला म्हणाली. "कोरडी मेंदी उमटत नाही."

रकिया म्हातारीनं तिच्या कोरड्या वाडग्यात वाकून बघितलं. मग हद्दूच्या मागं उभ्या असलेल्या गड्याच्या हातात तिनं आपली पिशवी दिली.

"माझंही संपलं," ती म्हणाली, आणि वाटेतून बाजूला झाली.