बाबांची सरळ रेघ

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या दुकानात जाऊन खुर्चीत बसले. केस कापणं हे निमित्त होतं. खरं तर आईने पाठवलं होतं.

"तूच सांग त्यांना," ती म्हणाली. "झाकली मूठ आहे तोवर कात्री खाली ठेवा म्हणावं. तुझं ऐकतात."

बाबा न्हावी. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं दोन खुर्च्यांचं दुकान. एक खुर्ची गिऱ्हाइकासाठी, दुसरी वर्तमानपत्र वाचणाऱ्यासाठी. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळकरी वयापासून टक्कल पडेपर्यंत सांभाळलं होतं. मग एकदा दुकानाची पाटी पुसताना ते शिडीवरून पडले. हाडं जुळली, पण मान डाव्या खांद्याकडे कललेलीच राहिली. मान कलली की जगही कलतं, फक्त ज्याची कलते त्याला ते कळत नाही. मानेवरची केसांची रेघ बाबा त्यांच्या मते अगदी सरळ मारायचे. ती डावीकडे उतरायची.

समोर नवं, चकचकीत सलून उघडल्यापासून आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. लोक तोंडावर बोलत नसले तरी इथून उठून गुपचूप तिकडे जात असणार, पाठीमागे हसत असणार, याची तिला खात्री होती. मलाही तसंच वाटायचं.

"या पंडिता," बाबा म्हणाले. मी ग्रंथालयात नोकरीला लागले तेव्हापासून माझं हेच नाव. "आज इकडे कशी वाट वाकडी केलीत?"

"केस वाढलेत."

"त्यांच्या वाढण्यावरच तर आपलं घर चाललंय. बसा."

दुसऱ्या खुर्चीत गणिताचे सर होते. बाबांनी त्यांनाही सोडलं नाही. "सर, पेपर वाचताय की पाठ करताय?"

"तुमचा हात चालेपर्यंत दोन्ही होतं," सर पान न उलटता म्हणाले.

बाबांनी माझ्या गळ्याभोवती कापड बांधलं. मी धीर केला. "बाबा, एक बोलायचं होतं."

"बोला की. पण मान हलवायची नाही. मान हलली की रेघ गेली."

आरशात ते दिसत होते. जिभेचं टोक दातात धरलेलं, डोळे बारीक केलेले. माझ्या लहानपणी वह्यांना कव्हरं घालून द्यायचे तेव्हाही तोंड असंच करायचे. शेवटी त्यांनी मागे छोटा आरसा धरला.

"बघा. दोरी लावून मारल्यासारखी."

"छान झालीय."

"आणि बोलायचं काय होतं?"

"काही नाही. रविवारी जेवायला येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहाला हाक मारायला गेली, तेव्हा बाबा उठले नाहीत.

दफनभूमीत फारसं कुणी येणार नाही असं आईने धरलंच होतं. "गिऱ्हाईक म्हणजे नातेवाईक थोडेच," असं वाटेत म्हणाली. तिचे गुडघे दुखत होते म्हणून आम्ही मागच्या बाकावर बसलो. बाबांना खाली उतरवेपर्यंत माणसं येतच राहिली. सगळ्यांनी माना खाली घातल्या, आणि मला हसू फुटलं.

"शोभतं का हे?" आई दबक्या आवाजात म्हणाली.

"आई, माना बघ."

तिने पाहिलं. पोस्टमन. बेकरीवाली. गणिताचे सर, ज्यांना फळ्यावरची रेघ केसभर सरकलेली खपत नसे. पुढून मागे, रांगेत, प्रत्येक मानेवरची रेघ डावीकडे उतरलेली. एकानेही ती कुठे जाऊन नीट करून घेतली नव्हती.

आईची नजर एका मानेवर अडली. तिने माझा हात दाबला. "अगं बाई! या मेल्याचीसुद्धा?"

तो समोरचा सलूनवाला होता. सलून उघडल्यापासून आई त्याच्याशी बोलत नव्हती. त्याला ऐकू गेलं असावं, कारण तो हळूच मागे आला.

"काकू, न्हाव्याला स्वतःची मान कुठे दिसते? माझे केस काका कापायचे, काकांचे मी. सुट्टीच्या दिवशी, मागच्या दाराने. तुम्हाला कळलं तर घरात रण पेटेल म्हणायचे."

"मग रेघेचं कधी बोलला नाहीस त्यांना?"

"मी काय बोलणार? तेच मला झापायचे. 'तुझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या रेघा उजवीकडे उतरतात रे. जरा डोळे उघडून काम कर, नाहीतर लोक बिनपाण्याने करतील तुझी!'"

आईने तोंडात रुमाल कोंबला. तिचे खांदे हलत होते. पुढच्या रांगेतली बेकरीवाली वळून कळवळ्याने बघू लागली, त्यामुळे आईचं हसू आणखीच आवरेना.

तेवढ्यात दफनभूमीच्या रखवालदाराने विचारलं, "घरचं कुणी दोन शब्द बोलणार?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. जन्मभर पुस्तकांत वावरलेली मुलगी, ती बोलेलच. मला वाक्यं आठवतही होती, चांगली चांगली, पण त्यांतलं एकही बाबांच्या मापाचं नव्हतं.

आईने डोळे पुसले आणि मला कोपराने ढोसलं. "जा. त्या दिवशी जे सांगायला पाठवलं होतं, ते सांग."

मी पुढे जाऊन काठाशी उभी राहिले.

"बाबा," मी म्हणाले, "तुमची रेघ डावीकडे उतरते. किती वर्षं उतरतेय. मला माहीत होतं, आईला माहीत होतं, इथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि बाबा, यातला एकही जण दुसरीकडे गेला नाही."