वाघ सोडाच्या आधी

माझी सून आचल वाघावर बसली होती, अन् तिले तिसरा महिना लागला होता. त्या फलाटावर हे फक्त मले अन् तिले माहीत होतं.

वाघ म्हणजे ताडोब्यातला नाई. आमच्या पार्कातली लोखंडी गाडी. भद्रावती रोडवर हा पार्क झाला तवापासून मी धुरपता इथी कामाले आहो. मालकानं गाडीले ब्लॅक टायगर नाव ठेवलं, पण एवढं कोण बोलते? आम्ही वाघच म्हणतो. जत्रेतल्या पाळण्यासारखी ती हळूहळू वर चढत नाई. फलाटावर उभी राह्यते, अन् खालचे चुंबक तिले असे फेकतात का डोळा लवाच्या आत ती रुळाच्या उंच कड्यावर. माणसं वरून ओरडत येतात, उतरल्यावर हसतात, अन् मंग कोपऱ्यात जाऊन ओकतात. पैसे देऊन ओकाची हौस, दुसरं काय.

माझं काम इतलंच. बसणाऱ्याच्या खांद्यावरचा दांडा ओढून पाहाचा, पक्का असला का अंगठा वर कराचा. पल्याडून प्रफुल तसंच करते. दोघांचे अंगठे दिसले का काचेच्या खोलीतला स्वप्निल वाघ सोडते. एक जरी अंगठा नसला तं नाई सोडत.

आता आचलचं सांगतो. दोनदा तिले दिवस गेले अन् दोनदा पडलं. दुसऱ्या वेळेस ती पोट्टी भिंतीकडे तोंड करून झोपून राहे, जेवाले उठत नव्हती. माझा अंकुश घुग्घुसले कोळशाचा ट्रक चालवते, तो घरी आला का तिच्यापाशी नुसता बसून राहे. दुधानं तोंड पोळलं का माणूस ताकही फुंकून पिते. म्हणून यावेळेस मी तिले बजावलं, चोरओटी होईपर्यंत कोणाले सांगाचं नाई. तिसरा महिना सरला का घरच्या घरी, गुपचूप भराची ती ओटी. तवापर्यंत माहेरी नाई, नणंदेले नाई, शेजारी तं अजिबात नाई. कोणाले शंकाही यायले नाई पायजे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

अन् शेजारी म्हणजे कोण, तं रुखमाबाई. भिंतीले भिंत लागून घर. नवरा गेला, पोरबाळ झालं नाई. मी मजुरीले जाऊ तवा माझी रोशनी तिच्याच मांडीवर वाढली. बाई सोन्यासारखी आहे, मी नाई म्हणतच नाई. पण पहिल्या खेपेले आचलसाठी ओंजळभर बोरं घेऊन तीच आली होती, अन् आठ दिवसांत सारं संपलं. माणसाच्या मनात येतेच ना बाप्पा. माझ्या मनात नजरेचं आलं, अन् गेलंच नाई.

वर्षातून एकदा कामगारांच्या घरच्यांना पास भेटतात. रोशनी सासरहून आली होती, ती तिकडं गडचिरोलीले राह्यते. तिनंच सारं ठरवलं, वहिनीले घेतलं, रुखमामावशीलेही घेतलं. आचलले घरी ठेवाचं तं काय कारण सांगू? मी म्हणलं, झुल्यावर बसतील, फोटो काढतील, येतील परत. वाघाची लाइन इतली लंबी राह्यते का इथपर्यंत कोण येते.

आले ना.

मी पुढून दांडे ओढत येऊन राह्यली होती. तिसऱ्या सीटवर पाह्यतो तं आचल. बाजूले रोशनी, मागच्या सीटवर रुखमाबाई पदर कमरेत खोचून. आचलच्या खांद्यावर दांडा बसला होता, प्रफुलनं पल्याडून दाबून दिला होता. भोंग्यावर रेकॉर्ड वाजतच होतं, हृदयविकार असणाऱ्यांनी बसू नये, गरोदर महिलांनी बसू नये. अन् माझी सून मान खाली घालून ते ऐकून राह्यली होती. नाई बसली तं सारे विचारतील काऊन नाई बसत, म्हणून बसली. माझीच शिकवण ती.

इकडे आड अन् तिकडे विहीर. बोलली तं रुखमाबाईच्या कानावर जाते. नाई बोलली तं वाघ सुटते.

"दांडा पक्का नाई हा," मी म्हणलं. "पोरीले उतरवा."

स्वप्निल माइकवरून बोलला, "धुरपतामावशी, इथी हिरवा लाइट आहे. पक्का आहे दांडा."

प्रफुलनं दोन हातांनी ओढून पाह्यला. "टाइट आहे मावशी. अंगठा करा ना, लाइन बोंबलून राह्यली."

मी हात पदराखाली घातला. "नाई करत."

"काऊन?"

काऊन म्हणे. आता काय सांगू? तोंडात आलं ते बोलली. "हिले फिट येते. मिरगी."

स्वप्निलचं काम म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. त्यानं तेच माइकवर फुंकलं, "फिटवाल्या ताईले खाली उतरवा, जल्दी." फलाट, लाइन, खालचा भेळवाला, साऱ्यांनी ऐकलं. मागचे लोक माना लंब्या करून पाहाले लागले.

रोशनी माझ्याकडे वळली. "वहिनीले फिट येते? दादाच्या लग्नात काऊन नाई सांगतलं कोणी?"

दांडा वर झाला तरी आचल उठली नाई. मले वाटलं रडते आता. पण ती रडली नाई, तिनं माझ्याकडे सरळ पाह्यलं.

"मले फिट नाई येत," ती म्हणाली. "मले दिवस गेले आहेत. आई, लपवून लपवून मी थकली. पाप केल्यासारखं वाटते मले."

मी पहिले कोणाकडे पाह्यलं असेल? रुखमाबाईकडे. अन् ती माझ्याकडेच पाहून राह्यली होती.

तिनं आपला दांडा उचलाले लावला, खाली उतरली, आचलचा हात धरून तिले फलाटावर आणलं. मंग माझ्याजवळ आली. आवाज चढवला नाई तिनं, चढवला असता तं बरं झालं असतं.

"पहिल्या खेपेले मी बोरं आणली होती धुरपता," ती म्हणाली. "त्याच्यानंतर तू माझ्याकडे कशी पाहे, ते मले समजे. म्हणून दुसऱ्या खेपेची कुणकुण लागली तशी मी भावाकडे निघून गेली. तुमच्या अंगणात पाय नाई ठेवला. तरी गेलंच ना ते लेकरू?"

खरं होतं. त्या वेळेस तिच्या दाराले कुलूप होतं. ते कुलूप मी रोज पाहे, अन् तरी मनात धरलं तिलेच.

"मावशी, अंगठा," प्रफुल म्हणला. रोशनीही उतरून वहिनीजवळ उभी राह्यली होती. मी दांडे पाह्यले, अंगठा वर केला. वाघ सुटला. रिकाम्या सीटा घेऊन गेला वर, लोक ओरडले, अन् तिघी माझ्या मागं उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आचलले घेऊन चंद्रपूरले डॉक्टरीणबाईकडे गेली, जे पहिल्या खेपेपासून कराले पायजे होतं. तिनं तपासलं, गोळ्या देल्या, म्हणाली सध्या ठीक आहे, पण जपाले लागते, सांगता येत नाई. मी विचारलं, नजरेचं काही असते का? ती हसली नाई, रागावलीही नाई. म्हणाली, "मागचे कागद घेऊन या."

तिसरा महिना सरला तशी चोरओटी केली. दार लावलं नाई. रुखमाबाईले मी स्वतः बोलवाले गेली. ती म्हणाली, मी विधवा, मले पोरबाळ नाई, माझ्या हातानं ओटी भरत नसतात. म्हणलं, चाल.

तिनं आचलच्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला. आचलच्या डोळ्याले पाणी आलं, रुखमाबाईच्याही. अन् मी? खोटं काऊन बोलू, मी तिच्या हाताकडे पाहून राह्यली होती. भीती जशीच्या तशी आहे. रात्री आचल कूस पालटते तरी मी दचकून उठतो.

पहिले भीती होती तं तिले नाव तरी होतं. आता काही झालं, तं दोष द्याले माझ्यापाशी कोणीच उरलं नाई.