ऐंशी अंश, दहा मिनिटं

“ऋजुता, मेलेली कातडी काम करते का गं कधी?”

सिद्धांत सरांनी बारा पेल्यांचा ट्रे तिच्यापुढं सरकवला. बाटलीच्या बुचाएवढे पेले. प्रत्येकाच्या तळाशी माणसाची कातडी, पण माणूस नसलेली; इथंच, मोहोपाड्याच्या या प्रयोगशाळेत, पेशींपासून वाढवलेली. हे बाराही पेले मारून ठेवलेले असायला हवे होते. तरी त्यांतलं पाणी हळद कालवल्यासारखं पिवळं झालं होतं. तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा.

“सर, मी सगळं नियमाप्रमाणे केलं,” ऋजुता म्हणाली.

“मग हे काय, भूत आहे? आज पुन्हा लाव. आजही असंच आलं तर हे काम दुसऱ्या प्रयोगशाळेकडे जाईल, आणि तुझ्या नोकरीचं पुढं काय, ते मलाही सांगता येणार नाही.”

दाराशी ट्रे पुसत उभ्या असलेल्या मदतनीस छायानं मान वर केली नाही. ते भूत कुणाचं आहे, हे तिला एकटीला ठाऊक होतं.

तसं पाहिलं तर काम सोपं. कातडी म्हणजे नुसतं पांघरूण नव्हे. तिच्यात विकरं, म्हणजे एन्झाइम्स, असतात आणि अंगाला क्रीम लावा की औषध, ती त्याचे तुकडे पाडत बसतात. ती किती पाडतात हे इथं मोजायचं, म्हणजे बिचाऱ्या सशांच्या पाठी भादराव्या लागत नाहीत. पेल्यात एका रसायनाचा थेंब टाकायचा; त्याचे तुकडे पडले की पिवळा रंग सुटतो. कातडी जिवंत असेल तर पाणी पिवळं होतं. पण हे काम कातडीनंच केलं हे दाखवायला तेवढेच पेले मारूनही ठेवावे लागतात. ऐंशी अंशांच्या गरम पाण्यात दहा मिनिटं. मग त्यांतलं पाणी नितळ राहिलं पाहिजे. हे मारण्याचं काम छायाकडे. सहा वर्षं तिनं ते केलं होतं, चुलीवर भात चढवावा तितक्या सहज. तेव्हा पेशी यायच्या त्या ऑपरेशन करून पोट कमी करून घेतलेल्या कुणा बायकांच्या. छायाला त्यांचं काही वाटायचं नाही; उलट पोट सुटेपर्यंत खायला मिळालं, याचं थोडं कौतुकच वाटायचं.

मग दीड महिन्यापूर्वी नवी कुपी आली. “छायाताई, या पेशी तान्ह्या बाळाच्या आहेत,” ऋजुता म्हणाली होती. “मुलगा. बघा आता कशा भराभर वाढतील.”

वाढल्याही. सदतीस अंशांचं कपाट उघडलं की ऊब तोंडावर यायची आणि छायाचा जीव कासावीस व्हायचा. दिवसाआड त्यांना गुलाबी पोषणद्रव द्यावा लागे. ऋजुता त्याला फीडिंग म्हणायची, छाया पाजणं म्हणायची. इतकी वर्षं म्हणत आली होती, पण आता तो शब्द तोंडातून निघेना.

एकोणीस वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. नाव ठेवायचंही राहिलं. नवरा विष्णू आणि सासरे आबाजी त्याला मऊ फडक्यात गुंडाळून पोशीरच्या शेताकडे निघाले. ती बाजेवरून उठू लागली तशी सासूनं, सोनाबाईनं, खांदा दाबून धरला. “तू नाय जायचं गं. दात न आलेल्या लेकराला आग दावत नाय. माती देतील त्याला, निजंल तो.” कुठल्या बांधाला निजवला ते कुणी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. दूध मात्र आठ दिवस येत राहिलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर दर लावणीला, बांधावर पाऊल टाकताना तिचा पाय आखडायचा. पुढं प्रणिता झाली, दहावीला आली, पण पाय आखडायचा काही थांबला नाही.

आणि आता हा. तान्हा, आईविना कपाटात वाढणारा. पहिल्या खेपेला तिनं बारा पेले गरम पाण्याच्या टाकीपाशी नेले, झाकण उघडलं, वाफ वर आली आणि हात पुढं जाईना. दहा मिनिटं तशीच उभी राहिली. मग वहीत ‘८० अंश, १० मिनिटं’ लिहून सही ठोकली आणि पेले जसेच्या तसे परत आणून ठेवले. पुढच्या दोन्ही खेपांना तेच.

सर गेले तशी ऋजुता स्टुलावर मटकन बसली. दहिवलीहून रोज स्कूटरवर येणारी, नोकरीत अजून वर्षही न झालेली पोर. “माझंच कुठंतरी चुकतंय, छायाताई. तुमच्या हाताला कधी चूक नसते. आजही तुम्हीच करा.”

हा भरवसा छायाला चपराकीसारखा लागला. ती नवे पेले घेऊन टाकीपाशी गेली आणि पाच मिनिटांत तशीच परत आली.

“मॅडम, ते मेलेले नवतेच.”

“म्हणजे?”

“मी टाकलेच नाय पान्यात. तिनी येळा. वहीत खोटं लिवलं.”

ऋजुता भडकली. “अहो, पण का? माझी नोकरी जायची वेळ आली!”

“तान्हं लेकरू हाय ते. तान्ह्याला आग देत नाय आमच्यात. माझा बी एक गेला, तिसऱ्या दिशी. तुमी म्हनाल, कातडी तर हाय. पर माझा हातच जाईना, मॅडम. मी काय करू?”

ऋजुताचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं उठून फाईल काढली. “ताई, हे बाळ गेलेलं नाहीये. परदेशातलं आहे. छोटीशी शस्त्रक्रिया झाली, त्यात निघालेला नखाएवढा तुकडा आईनं संशोधनाला दिला. ही बघा, आईची संमती. बाळ तर त्याच दिवशी घरी गेलं.”

“घरी गेलं?”

“हो ना. वर्ष लिहिलंय इथं. आता अठरा-एकोणीस वर्षांचा असेल तो.”

छायानं कागदावरून बोट फिरवलं. “आई हाय त्याला,” ती म्हणाली. “मग बरं हाय. कॉलेजात जात आसंल.”

बरं आहे, असं तिला मनापासून वाटलं. पण इतके दिवस जिला पाजलं, राखलं, जिच्यासाठी खोटं लिहिलं, ती दुसरीच्या लेकराची कातडी होती. तिचं लेकरू होतं तिथंच होतं, पोशीरच्या कुठल्यातरी बांधात.

तिनं आधी वही ओढली. तिन्ही सह्यांसमोर ‘पाण्यात टाकले नाहीत’ असं लिहून पुन्हा सही केली. “सरांना मी सांगते. तुमी मधी पडू नका.”

“ताई, सर काढतील तुम्हाला.”

“काढू दे.”

मग तिनं पेले एकेक करून गरम पाण्यात ठेवले, झाकण लावलं आणि दहा मिनिटं तिथून हलली नाही.

दुपारी दोघींनी थेंब टाकले. जिवंत पेल्यांतलं पाणी बघता बघता पिवळं झालं. दुसऱ्या ट्रेत अर्धा तास उलटला तरी काही झालं नाही. “जमलं, छायाताई!” ऋजुता जवळजवळ ओरडली आणि सरांना बोलवायला धावली.

छाया ट्रेवर वाकून बघत राहिली. एखाद्या तरी पेल्यात, कडेला का होईना, थोडं पिवळं दिसेल म्हणून तिनं एकेक पेला उजेडाला धरला. बाराही पेल्यांतलं पाणी नितळ होतं.