तिच्याऐवजी माझा हात

त्या उत्तरा मॅडमवर माझा राग नाही. राग आहे तो माझ्या ह्या उजव्या हातावर. कोराडीच्या कॉलनीतल्या पोट्ट्यांच्या डब्याच्या पोळ्या लाटणारा हात, भरलेलं सिलिंडर एकटीनं सरकवणारा हात, अन् ऐन वेळेवर पडला मेला.

माझ्या मिनलले लहानपणापासून फिट येते. गोळ्या चालू असल्या की काही होत नाही, पोट्टी ठणठणीत. मागच्या वर्षी माझ्यापासून लपवून तिनं गोळ्या सोडल्या अन् पोळ्या करता करता गॅससमोर पडली. कोपरावर भाजल्याचा डाग अजून आहे. मी बाजूलेच होती म्हणून वाचली, नाहीतं काय झालं असतं ते माझ्याच्यानं बोलवत नाही.

पण गोळ्यांनी तिचं अंग सुटलं, केस गेले, हात थरथरतात. चहाचा कप बशीत वाजते. अन् आता नरखेडकडचं स्थळ आलं होतं. पोराचं नाव अश्विन, घरचा संत्र्याचा बगीचा, माणसं बोलायले चांगली. त्याच्यावरून आमच्या घरात रोजचं भांडण. मिनलचे बाबा म्हणत, "लग्न होईपर्यंत फिटचं नाव काढायचं नाही." मी म्हणे, "पहिलेच सांगायचं. पसंत असलं तं करतील, नाहीतं जातील उडत." मिनल माझ्या बाजूनं होती. मले म्हणे, "आई, या घरात खरं बोलणारी तू एकटीच."

तरी आतून तिले गोळ्याच नको होत्या. तिच्या मैत्रिणीनं, श्वेतानं, सांगतलं की जरीपटक्याले ह्या उत्तरा मॅडम मसल टेस्टिंग करतात.

"ते काय असते वं?" मी विचारलं.

"आपलं शरीरच सांगते आई, त्याले काय चालते अन् काय नाही चालत."

"माझं शरीर तं मले रोज सांगते, पोळ्या लाटू नको म्हणून. कोण ऐकते?"

हासली ती. पण मी संग गेली. एकटीले कशी जाऊ देऊ?

बाजारातल्या गर्दीत, कापडाच्या दुकानावरची खोली. मॅडम बोलायले गोड, खोटं काहून बोलू. आधी दोघींले पाणी पाजलं. मिनलचं घड्याळ, अंगठी, मोबाईल, सगळं बाजूले ठेवायले लावलं. मंग तिले उभं करून म्हणाल्या, "हात खांद्याइतका वर, समोर सरळ धरा. मी मनगटावर दाबीन, तुम्ही फक्त खाली जाऊ देऊ नका. जे शरीराला मानवतं त्याला हात टिकतो, जे मानवत नाही त्याला पडतो." पहिले तिले स्वतःचं खरं नाव घ्यायले लावलं, मंग खोटं. पण पोट्टीचा हात तं तसाच थरथरत होता. खऱ्या नावालेही हलला, खोट्यालेही हलला.

"असं नीट कळणार नाही," मॅडम म्हणाल्या. "अशा वेळी आपण जवळच्या माणसाचा हात घेतो. तान्ह्या बाळांचं आम्ही आईवरच करतो. मिनल तुमच्या खांद्याला धरून उभी राहील काकू, म्हणजे तिचं शरीर तुमच्या हातातून बोलेल."

खरं सांगू? मले मनातल्या मनात आनंद झाला. हेच तं पाहिजे होतं! माझा हात, माझ्या ताब्यात. गोळीच्या वेळेले तो खाली जाऊच द्यायचा नाही. मंग मॅडमच म्हणतील गोळी चांगली आहे, मिनल मुकाट्यानं घेईल, गोळ्यांचं भांडणच मिटेल. हात पुढे केला म्हणजे ती सगळी परीक्षा मी मानली, एवढी साधी गोष्ट मले तेव्हा सुचली नाही. मोठी शहाणी मी!

"माझा घ्या," मी म्हटलं अन् बांगड्या काढल्या.

मिनलनं एक हात माझ्या डाव्या खांद्यावर ठेवला. दुसऱ्या हातात मॅडम एकेक बारकी बाटली देत गेल्या. गहू दिला, माझा हात ताठ. दूध दिलं, ताठ. "काकू, कुस्ती नाही खेळायची आपल्याला," मॅडम हसल्या. म्हणून साखरेले मी मुद्दाम सोडला. नुसताच ताठ राहिला तं मॅडमले संशय येईल ना. मिनल लगेच म्हणे, "पाह्य आई, साखर मले चालतच नाही." मले हासू दाबता दाबता पुरेवाट झाली.

मंग तिनं पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढलं अन् हातात धरलं.

मी दातावर दात दाबले, श्वास रोखला. मॅडमनं मनगटावर दोन बोटं ठेवली. खांद्यावरचा मिनलचा हात मले लागत होता. किती थरथरते वं माझी लेक, एवढं मनात आलं, अन् हात खाली गेला. भसकन गेला.

"पुन्हा करा," मी ओरडलीच. पुन्हा केलं. पुन्हा गेला. हात दमला होता, का मॅडमनं जोर लावला, का माझंच लक्ष हटलं, देव जाणे.

"गोळी बंद करा असं मी म्हणत नाही हं," मॅडम म्हणाल्या. "ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. शरीर काय म्हणतं तेवढंच मी सांगते."

मिनलले तेवढंच पाहिजे होतं. बसमध्ये खिडकीशी बसून राहिली, चेहरा असा खुललेला की कितीक दिवसांत पाह्यला नव्हता. म्हणे, "माझा हात पडला असता तं मी मानलं नसतं आई. पण तू तं गोळ्यांच्या बाजूची. तरी तुझा पडला."

"अवं हात दमला होता माझा!"

"मंग दुधाले काहून नाही दमला?"

मी डॉक्टरचं नाव काढलं, तं म्हणे, "डॉक्टर थोडीच बंद करा म्हणणार आहे?"

दिवेलागणीले गोळीची वेळ झाली. मिनल पोळ्या शेकत होती, त्याच गॅससमोर. म्हणे, "आजपासून बंद, आई." मी कोपरावरचा डाग दाखवला. रागावली, हात जोडले, माझी शपथ घातली. प्रत्येक गोष्टीले तिचं एकच, "तुझा हात पडला आई." मंग माझ्या डोक्यात शिरलं की आता या हातालेच खोटं पाडल्याबिगर सुटका नाही.

"मी मुद्दाम पाडला," मी म्हटलं.

तिनं गॅस बंद केला. "काय?"

"साखरेलेही मुद्दाम पाडला होता. गोळीलेही."

"काहून?"

काहून, याचा विचार मी केलाच नव्हता. तोंडात आलं ते बोलून गेली. "नरखेडवाले येऊन राहिले म्हणून. त्यांच्यासमोर गोळ्या दिसू नये, तुझं एकदाचं जमावं म्हणून. तुझे बाबा म्हणतात तेच मलेही वाटत होतं. आता भेव वाटलं म्हणून सांगून राहिली."

मले वाटलं, भांडेल. म्हणेल, खोटं नको बोलू आई, तू अशी नाहीस. थोडी तरी अडेल. एवढी वर्षं कोणाची भीड नाही ठेवली, कोणाच्या बापाले न भेता खरं बोलत आली, ते काही तरी जमेस धरेल. पण नाही. लगेच खरं मानलं पोरीनं. एक उलटा प्रश्न नाही.

"तूपण," एवढंच म्हणाली.

मंग पाकिटातून गोळी काढली, पाण्यासंग गिळली, अन् माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तोंड उघडलं, जीभ वर उचलली. "पाहून घे."

लाजेनं मान खाली घालायची होती मले. पण नाही घातली. तिची हनुवटी धरून तोंड लाइटीकडे केलं, अन् जिभेखाली गोळी राहिली नाही ना, ते वाकून नीट पाह्यलं.