पाटी निघाली नव्हती

ज्या विमानात माझी आई बसली होती, ते विमान जमिनीला टेकायच्या आत मी पुन्हा वर पाठवलं. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी रडत माफी मागेन अशी वाट कुणी बघायला नको.

टॉवरमध्ये आमच्यासमोर एक उतरता फळा असतो. प्रत्येक विमानाची एक चिठ्ठी त्यावर असते आणि त्याच चिठ्ठ्यांच्या शेजारी वीतभर लांबीची एक लाल प्लॅस्टिकची पाटी. पक्षी आहेत का किंवा काही पडलंय का हे बघायला जीप रनवेवर गेली, की ती पाटी रनवेच्या खणात आडवी ठेवायची. जीपवाल्यानं रेडिओवर ‘रनवे मोकळा’ म्हटलं, की काढायची. त्यानं म्हटलं की. आपल्याला वाटलं की नव्हे. पाटी आहे तोवर कुणी उतरणार नाही आणि कुणी उडणार नाही. शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं आहे.

महिन्यापूर्वी आलेल्या नव्या साहेबांना ते कळत होतं, पण बघवत नव्हतं. त्यांना आम्ही स्टॉपवॉच म्हणायचो, कारण ते खरोखरच स्टॉपवॉच घेऊन आमच्या खुर्चीमागे उभे राहायचे.

“जीप बाहेर आलेली दिसते ना? मग पुरे,” ते म्हणाले होते. “रेडिओची वाट कशाला बघता? दर वेळी चाळीस सेकंद जातात.”

“लेखी द्या, सर.”

ते हसले. लेखी काही आलं नाही. बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि मी नाही डोलावली, एवढीच माझी ख्याती.

त्या दिवशी दुपारी चार वाजता एका वैमानिकानं पक्षी दिसल्याचं कळवलं. जीप आत गेली, मी पाटी ठेवली. वर चार विमानं एकामागे एक रांगेत होती आणि पहिल्यात आई होती. तिचं तिकीट मीच काढलेलं, त्यामुळे विमानाचा नंबर मला पाठ. आयुष्यात पहिल्यांदा एकटी विमानात बसली होती.

तिचं विमान टेकायला दीड मिनिट उरलं. मी जीपला हाक मारली. उत्तर नाही. परत मारली. तिसऱ्यांदा मारली.

“जीप बाहेर आहे. मला दिसतेय,” मागून स्टॉपवॉच म्हणाले. “उतरू द्या.”

जीप मलाही दिसत होती, खोटं कशाला बोलू? पण ती रनवेच्या कडेच्या आत आहे की बाहेर, हे दोन किलोमीटरवरून, डोळ्यांत ऊन घेऊन, छातीठोकपणे सांगता येत नव्हतं.

“मॅडम, मी सांगतोय ना!”

मी बटण दाबलं. “उतरू नका, पुन्हा वर जा. रनवे मोकळा नाही.”

वैमानिकानं शांतपणे माझेच शब्द परत म्हणून दाखवले. काचेसमोरून ते विमान गडगडत वर गेलं. त्या खिडक्यांच्या ओळीत कुठेतरी आई होती. मी दुसऱ्या विमानाला वेग कमी करायला सांगितला, तिसऱ्याला लांबून वळवलं आणि आईच्या विमानाला रांगेत पुन्हा जागा करून दिली. बारा मिनिटांनी ते उतरलं.

जीप बाहेरच होती. जीपवाल्या काकांच्या रेडिओची बॅटरी मेली होती, एवढंच. हे कळल्यावर स्टॉपवॉचना इतका आनंद झाला की त्यांनी मला चक्क खुर्ची दिली.

“एकच ओळ लिहा,” केबिनमध्ये ते म्हणाले. “आई विमानात असल्यामुळे मन विचलित झालं आणि निर्णय चुकला. माणूस आहे, मी समजून घेईन. दोन दिवस उजळणी, विषय संपला. नाहीतर चौकशी होईपर्यंत हेडफोनला हात लावायचा नाही.”

पंधरा वर्षं ते हेडफोन माझ्या कानांवर होते. मला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोय. चौकशीतून परत न आलेला एक जण मी रोज बघते. तो आता फाटकावर पार्किंगचे पास तपासतो.

जिन्यात मिशा भेटला. शेजारच्या खुर्चीवरचा माझा सहकारी. त्याचं सगळं शौर्य मिशांतच संपलेलं. “अगं, लिहून टाक. एका ओळीनं काय जातंय? मी तर कधीच लिहून दिली असती.” दिलीच असती, यात मला शंका नव्हती.

खाली बाकावर आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मला बघताच कडाडली.

“कोण गं तो बिनडोक? चाकं टेकणार तेवढ्यात विमान वर! शेजारचा चांगला सहा फुटी माणूस, माझा हात धरून रडायला लागला.”

“मी.”

“तू काय?”

“तो बिनडोक मी.”

आईनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “का?”

मी सगळं सांगितलं. पाटी, बॅटरी, ती एक ओळ, मिशाचा सल्ला. आईनं तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर म्हणून काढली आहेत, त्यामुळे ती मधे बोलत नाही.

“एका मोठ्या सर्जनला मी अकरा मिनिटं ताटकळत ठेवलं होतं,” ती म्हणाली. “पेशंटचं पोट उघडं. मोजताना रक्त टिपायचा एक गॉज कमी भरत होता. मी म्हटलं, शिवू देणार नाही. काय काय बोलला मला!”

“मग सापडला?”

“त्याच्याच बुटाला चिकटला होता.”

“म्हणजे पोटात नव्हताच.”

“नव्हताच. म्हणून मी मोजलं ते चुकलं का?”

“माफी लिहून दिलीस?”

“हट्!” पिशवीचा बंद घट्ट करत ती म्हणाली. “आणि तूही देऊ नकोस. माझा जीव वर-खाली झाला तो फुकट जायला नको.”

मी वर गेले आणि लिहिलं: ‘फळ्यावर लाल पाटी होती. रनवे मोकळा झाल्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं. विमानात आई नसती तरी मी हेच केलं असतं, आणि उद्याही हेच करीन.’

स्टॉपवॉचनी ते दोनदा वाचलं. “हेडफोन जमा करा.”

मी केले. ते म्हणाले, “आता मीच वर जाऊन उभा राहतो. बघू कोण वाट बघतं ते!” आणि स्टॉपवॉच घेऊन तरातरा टॉवरकडे निघाले. माझ्या खुर्चीवर तेव्हा मिशा होता.

पार्किंगपर्यंत मी धड होते. मग रडू आलं. राग आला की मला रडू येतं आणि त्याचा आणखी राग येतो. मी आईची बॅग डिकीत आपटली. आईनं रुमाल पुढे केला.

कुंपणापलीकडे पक्ष्यांसाठी जीप पुन्हा आत गेली होती. आमच्या डोळ्यांदेखत ती बाहेर आली आणि गवतात थांबली, अगदी स्वच्छ दिसेल अशी. डोक्यावरून एक विमान खाली येत होतं. चाकं बाहेर काढलेली. मी मनातल्या मनात पाटीकडे बघितलं. काका अजून बोलले असतील का?

इंजिनं एकदम गरजली. विमानानं नाक उचललं आणि रनवेवरून सरळ वर निघून गेलं.

आईनं माझं मनगट धरलं. “आता काय झालं?”

“पाटी निघाली नव्हती,” मी म्हटलं. “आणि साहेब मागेच उभे असणार.”

“खुर्चीवर कोण आहे?”

“मिशा.”

“तोच ना, लिहून टाक म्हणणारा?”

मी मान हलवली. ते विमान ठिपक्याएवढं होईपर्यंत आई मान वर करून बघत राहिली.

“दुसरा बिनडोक,” ती म्हणाली, आणि विमानातून उतरल्यापासून पहिल्यांदा हसली.