तळाची काळी फुली

मित्रांनो, माझ्याकडे पाहून कोणी तोंडात बोट घालणार नाही. मी हातभर उंचीची एक जुनी काचेची नळी आहे. माझ्या तळाशी एक काळी फुली आहे आणि सगळी किंमत तिचीच. माझ्यात पाणी ओतायचं आणि वरून डोळा लावायचा. गळ्यापर्यंत भरूनही फुली दिसली, तर पाणी नितळ.

डोंगरातल्या तलावाकाठी पंपघर आहे, तिथे मी कामाला लागले. गावाला पाणी सोडणारे मामा रोज सकाळी काठावरून बादली टाकत, मला भरत, एक डोळा मिटून पाहत आणि मगच झडप उघडत. तीस वर्षांत फुली एकदाही लपली नाही. पाहुणे माझं कौतुक करायचे आणि मीही फुगून जायचे. पुढे त्यांच्या सूनबाई त्याच पंपघरात नोकरीला लागल्या. त्या मात्र मला पुसताना समोरच्या जंगलाकडे बघायच्या. त्या असं का करतात, ते मला तेव्हा कळलं नाही.

त्या उन्हाळ्यात जंगल पेटलं. मित्रांनो, तसा उजेड मी कधी पाहिला नव्हता. सबंध डोंगर निखाऱ्यासारखा लाल झाला आणि तलावात दुसरा डोंगर उलटा जळू लागला. माझी काच गरम झाली. भीती वाटत होती, तरी नजर हटत नव्हती. तीन दिवसांनी आग विझली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

आठवड्याने एका दुपारी धो धो पाऊस कोसळला. मामा खूश झाले. सूनबाईंचा चेहरा मात्र उतरला.

"मामा, डोंगरावर आता पान नाही की मूळ नाही. ही सगळी राख कुठे जाईल?"

"तलाव केवढा मोठा आहे, पोरी. उद्या सकाळी बघू की."

सकाळी मामांनी नेहमीच्या जागी बादली टाकली. फुली लख्ख दिसली. त्यांनी झडपेच्या चाकाला हात घातला.

"थांबा मामा. झडप पाणी कुठून ओढते?"

"खालून. चार पुरुष उंचीएवढ्या खोलीवरून."

"मग आपण वरचं का बघतोय?"

मामांचा हात चाकावरच राहिला. तीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता आणि त्यांनी स्वतःलाही विचारला नव्हता.

सूनबाईंनी बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली आणि बाटली खोल सोडली. तळाजवळ गेल्यावर बूच ओढलं. वर आलेलं पाणी त्या माझ्यात ओतू लागल्या. चार बोटं पाणी झालं आणि माझी फुली गेली. गार, जड, राखेचं काळं पाणी नितळ पाण्याच्या खालून गुपचूप झडपेपर्यंत येऊन थांबलं होतं. चाकाचा एक फेरा, आणि ते सगळ्या गावाच्या माठांत गेलं असतं.

मामांनी चाकावरचा हात काढून घेतला. "मी उघडलीच होती गं," ते म्हणाले.

झडप अकरा दिवस बंद राहिली. गावाने उंचावरच्या टाकीतलं पाणी जपून वापरलं, कुरकुर केली, मामांना बोल लावले. त्यांनी ते ऐकून घेतले. खालचा गाळ उपसल्यावर माझी फुली पुन्हा दिसली, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले.

आता पंपघरात पडद्यावर आकडे दाखवणारं यंत्र आलं आहे आणि मी खिडकीत उभी असते. मला राग नाही. इथून डोंगर दिसतो. इतकी वर्षं मी फुशारकी मारत होते की पाणी नितळ आहे हे मी सांगते. पण ते नितळ ठेवत कोण होतं? ती पानं, ती मुळं, तो पालापाचोळा. एवढा मोठा डोंगर एक थेंबही गढूळ होऊ न देता पाणी खाली सोडत होता, आणि आग लागेपर्यंत मी त्याच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मामा त्या डोंगरावर रोपं लावतात. मित्रांनो, तुम्ही जंगलात गेलात तर विस्तव विझवून, राख गार झाली का ते हात लावून बघा आणि मगच निघा. आणि घरी पेल्यातलं पाणी पिण्याआधी क्षणभर त्याचा तळ पाहा. तो दिसतोय ना? म्हणजे कुठेतरी एक डोंगर अजून हिरवा आहे.