वस्ती असलेली बेटं

“बारा खोडा, अकरा करा,” वेगार म्हणाला आणि राग्नाच्या टेबलाच्या कोपऱ्यावर टेकला.

पडद्यावर ‘आमची पालिका’ हे पान उघडं होतं. दर जानेवारीत राग्ना त्यातले आकडे नवे करायची. माणसं किती, शाळा किती, कॉड मासा किती उतरला, वस्ती असलेली बेटं किती. सत्तावीस वर्षं हे काम तिच्याकडे होतं. वेगार हा तिचा पाचवा साहेब, वयाने तिच्या मुलाएवढा.

“क्रोकॉय बेटावर दोघं आहेत,” ती म्हणाली. “माझा भाऊ आणि येन्सिनेमावशी.”

“मावशी तर इथे वृद्धाश्रमात आहेत.”

“पाय मोडला म्हणून. ईस्टरला परत जायच्यात.”

“कागद तसं म्हणत नाही, राग्नाबाई.” त्याने तिच्यापुढे एक अर्ज सरकवला. कायमचा पत्ता बदलल्याचा. तळाशी येन्सिनेची थरथरती सही होती. बाकी सगळं अक्षर राग्नाचं.

ऑक्टोबरात तिनेच तो भरला होता. म्हातारीच्या खोलीत आणखी दोघी होत्या, त्यातली एक दिवसभर किंचाळायची. समुद्राकडची एकटीची खोली रिकामी होती, पण ती फक्त गावच्या रहिवाशाला मिळायची. ‘पत्ता बदला, काम झालं,’ असं वेगारनेच सुचवलं होतं. तेव्हा तिला तो किती भला वाटला होता!

“पत्ता पुन्हा बदलता येतो, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

“येतो की. पण मोजणी एक जानेवारीची. दोनपेक्षा कमी माणसं असतील त्या बेटाची बोट मार्चअखेर बंद, हा सभेचा ठराव. त्या सभेचं इतिवृत्त कोणी लिहिलं होतं?”

तिनेच लिहिलं होतं.

“म्हणजे ऑक्टोबरात तुम्हाला हे माहीत होतं?”

वेगार उठला. “तुम्हालाही होतं. तुमच्या लक्षात आलं नाही, त्याला मी काय करू? बरं, भावाला पत्र धाडू की तुम्हीच सांगता? घरच्या माणसाने सांगितलेलं बरं वाटतं.”

शनिवारच्या बोटीने ती क्रोकॉयला गेली. तिच्या भावाने, एडविनने, घरात कॉड उकडून ठेवला होता, सोबत बटाटे आणि तिच्या आवडीचं कॉडचं काळीज. हाताला काजळी लागली होती, ती पुसत तो आत आला.

“मावशीच्या घरी शेगडी पेटवून आलो. रोज पेटवतो. नाहीतर भिंती ओल धरतात. उंबराही नवा बसवलाय, बुटका. म्हातारी अडखळायला नको.”

राग्नाने घास तसाच ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. बोट बंद होणार, डाक बंद होणार, धक्क्याच्या खांबावरचा दिवाही पालिका काढून नेणार.

एडविनने बराच वेळ बटाटा सोलला. मग विचारलं, “अर्ज कोणी भरला?”

म्हातारीने भरला, असं सांगता आलं असतं. सही तर तिचीच होती.

“मी भरला, दादा. तिला चांगली खोली मिळावी म्हणून.”

“छान.” त्याने सोललेला बटाटा तिच्या ताटात ठेवला. “आई गेली तेव्हा तू गावात होतीस. बाबांची नाव उलटली तेव्हाही गावातच. मी म्हणायचो, नोकरी आहे बिचारीची. आता कळलं काय नोकरी आहे ती. जेव. बोट सुटेल.”

“दादा, गावात चल. माझ्याकडे वरची खोली आहे.”

“अर्ज भरून ठेवलायस वाटतं?”

ती जेवली. पानात काही टाकलं नाही. तो समोर बसून शेवटच्या घासापर्यंत बघत राहिला.

मार्चमध्ये येन्सिने काठीशिवाय चालू लागली. डॉक्टरांनी लिहून दिलं, घरी जायला हरकत नाही. राग्ना तो कागद घेऊन धावत वेगारकडे गेली. त्याने तो वाचून परत दिला.

“बोट नसलेल्या बेटावर ऐंशीची बाई सोडायची? उद्या पडली तर जबाबदारी कोणाची?”

येन्सिनेला हे सांगताना राग्ना रडली. म्हातारीच तिची पाठ थोपटत राहिली. “रडू नकोस गं. खोली छान आहे. समुद्र दिसतो.” पण दुसऱ्या दिवशी राग्ना आली तेव्हा खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवलेली होती, आणि म्हातारी भिंतीकडे बघत बसली होती.

एकतीस मार्चला शेवटची बोट निघाली. राग्नाने पीठ, कॉफी आणि औषधं अशी दोन खोकी बरोबर घेतली होती. क्रोकॉयच्या धक्क्यावर एडविन उभा होता. तांडेलाने दोर फेकला, त्याने नेहमीसारखा झेलून खुंट्याला अडकवला.

“कोणी चढणार?” तांडेलाने विचारलं.

“नाही.”

“दादा, ही खोकी तरी घे,” राग्ना म्हणाली.

तो तिच्याकडे न बघता तांडेलाला म्हणाला, “ज्याची त्याला परत करा.” मग तो खाली वाकला. धक्क्यावर आणखी एक जुना दोर बांधलेला होता, बोट ओढून घ्यायला पालिकेने दिलेला. त्याच्या गाठी खाऱ्या पाण्याने दगड झाल्या होत्या. त्याने त्या एकेक करून सोडवल्या. नख तुटलं, तरी सुरी काढली नाही. त्या दोराची नीट गुंडाळी केली, पाणी निथळू दिलं, बोटीचा दोर खुंट्यावरून काढला, आणि गुंडाळी बोटीच्या कठड्यावरून राग्नाच्या हातात दिली.

“पालिकेचा आहे, बाई,” तो म्हणाला. “मिळाला म्हणून लिहून घ्या. आणि जरा मागे व्हा, बोट हलतेय.”

साठ वर्षांत तो तिला कधी ‘बाई’ म्हणाला नव्हता. राग्ना मागे झाली. दोर जड होता, पण कोट भिजला तरी तिने दोर खाली ठेवला नाही.